मुठीचं मडकं

उंबऱ्यावर पालथं ठेवलेलं मडकं दिसलं आणि इंद्रभानला आधी आनंदच झाला. हे त्याचं त्यालाच नंतर सहन होईना, पण झाला खरा. खांद्यावर ज्वारीची झोळी, डोक्यावर पांढरी टोपी, आणि दुपारच्या सभेतलं भाषण मनात घोळत असलेला तो कापसाच्या जीनमागच्या गल्लीत शिरला, तर गोजरबाईच्या दारात मडकं पालथं. वर्ष झालं त्या नियमाला. वर्षभरात खामगावातल्या त्याच्या वाट्याच्या साठ घरांत एकाही बाईनं मडकं पालथं घातलं नव्हतं, आणि आज घातलं. म्हणजे नियम कळला होता. लोकांनी तो आपला मानला होता. इंद्रभाननं बरोबरच्या सवंगड्याचा, कारभारीचा, दंड धरला आणि ओठांवर बोट ठेवलं. दोघं क्षणभर थांबले. मग ठरल्याप्रमाणे मान दुसरीकडे फिरवून, एक शब्द न बोलता, पावलंही न वाजवता पुढे झाले. देवळातून बाहेर पडावं तसं त्याला वाटलं. आपण एका गरीब बाईची लाज राखली, असं तो मनात म्हणाला, आणि स्वतःच्याच पाठीवर हात फिरवून घेतला.

इंद्रभान राहायचा तो आश्रम म्हणजे काही साधुसंतांचा नव्हे. खेड्यापाड्यातून हायस्कुलात शिकायला आलेल्या गरीब पोरांचं ते वसतिगृह. गावातल्या घराघरांत आश्रमानं एकेक मडकं दिलेलं, त्यावर चुन्यानं एक स्वस्तिक. घरच्या बाईनं रोज जात्यावर बसण्याआधी मूठभर ज्वारी त्यात टाकायची आणि दर रविवारी आश्रमाच्या मुलांनी येऊन ती न्यायची. याच मुठींवर तीस पोरं जेवायची. इंद्रभानही त्यातलाच, गेली चार वर्षं. धामणगाव बढ्याहून आलेला, आता एकोणीस वर्षांचा, यंदा नागपूरच्या मॅट्रिकला बसणारा. साठ घरची ज्वारी एकत्र दळली जायची, त्यामुळे आश्रमाच्या भाकरीला कधी एक रंग नसायचा. कधी पांढरी, कधी तांबूस, कधी खरखरीत. किसनराव गुरुजी वाढताना म्हणायचे, "खा रे बाबाहो, साठ माया आहेत या भाकरीत." पोरं हसायची. इंद्रभान मात्र हसायचा नाही. खाल्लेलं फेडावं, नुसतं खाऊन उठू नये, असं त्याला मनापासून वाटे. म्हणून तर मुठी गोळा करणाऱ्या स्वयंसेवकांचा तो म्होरक्या झाला. कॉलऱ्याच्या साथीत विहिरीत औषध टाकायला पुढे, जत्रेत हरवलेली पोरं सांभाळायला पुढे, आगीत बादल्या ओढायला पुढे. बाकीची पोरं रविवार म्हटला की कुरकुरायची, हा पहाटेच टोपी झटकून तयार.

आणि नियमही त्याचाच. गेल्या अश्विनात त्यानं सभेत उठून सांगितलं होतं की ज्या घरी द्यायला काही नसेल त्या बाईला दारात येऊन 'नाही' म्हणावं लागतं, हे बरं नाही. तिनं नुसतं मडकं पालथं घालावं. आपण ते पाहावं आणि न बोलता पुढे जावं. ना विचारणं, ना सांगणं. गुरुजींनी भर सभेत त्याची पाठ थोपटली. "दुसऱ्याची लाज राखणं, याले म्हणतात सेवा!" कारभारी मात्र मागे बसून कुजबुजला होता, "उंटावरचा शहाणा होय बे तू. आमच्या गावच्या बायका मडकं पालथं नाई घालत कधी." "काऊन?" म्हणून इंद्रभाननं विचारलं, तर त्यानं खांदे उडवले. "नाई घालत, बस." कारभारीचं बोलणं कोण मनावर घेतो! पोराला दोन वेळा गणितात नापास केलेलं, बोलतो काहीबाही.

पण हा नियम त्यानं हवेतून काढला नव्हता. तो सात वर्षांचा असताना धामणगावात कुठल्याशा यज्ञाची मंडळी धान्य मागायला आली होती. चार दांडगे पुरुष, बैलगाडी, गाडीत पोती. घरोघरी जोरात नावं घेऊन हाका. माय, म्हणजे रुखमाबाई, रिकामं सूप हातात घेऊन दाराच्या आड उभी राहिली आणि त्याला म्हणाली, "जाय रे, सांग, माय घरी नाई." तो बाहेर गेला आणि सांगितलं. त्यांतला एक जण वाकून हसला. दाराची फळी खालून झिजलेली होती. तिच्याखालून मायची पावलं दिसत होती, जोडव्यांसकट. "घरी नाई काय? मंग हे पाय कोनाचे होत?" सगळे हसले. इंद्रभाननं मागं वळून पाहिलं, तेव्हा मायच्या पायांची बोटं आत आखडली होती, जमिनीत शिरतील की काय अशी. ती बोटं तो विसरला नव्हता. संस्कृतचे श्लोक विसरला, इंग्लंडच्या राजांची नावं विसरला, ती बोटं नाही. त्या बोटांसाठीच त्यानं नियम केला, आणि आज कुणाच्या तरी पायांची बोटं आखडायची वाचली. मग आनंद व्हायला काय हरकत होती?

पुढच्या दारात मूठ घेताना त्याला वाटलं, आपलं काहीतरी मागे राहिलं. झोळी चाचपली. होती. टोपी होती. खिशात भाषणाचा कागद होता, चौघडी केलेला. त्यात एक वाक्य त्यानं फार घोटलं होतं: 'गेल्या वर्षभरात आमच्या साठ घरांत एकही मडकं पालथं पडलं नाही.' आता ते बदलावं लागणार होतं. 'फक्त एकच पालथं पडलं' असं म्हणावं का? ते तर आणखी छान दिसेल. एकच, आणि तिथेही आम्ही मुकाट पुढे गेलो. टाळ्या पडतील. अध्यक्ष म्हणून सोनाळ्याचे कुणी मोठे जमीनदार येणार होते, गुरुजींनी मध्यप्रांत-वऱ्हाडच्या नकाशाखाली त्यांच्यासाठी खुर्चीसुद्धा मांडून ठेवली होती. इंद्रभान वाक्य जुळवत चालला होता आणि त्याच वेळी त्याच्या मनात दुसरंच काहीतरी नखानं खरवडत होतं. मडक्याखाली पान होतं. पळसाचं पान. मडकं नुसतं उंबऱ्यावर उपडं नव्हतं, त्याच्या काठाखालून हिरव्या पानाची कड बाहेर आली होती. रिकामं मडकं कोण पानावर ठेवतं? असेल बापडी, टापटिपीची आहे गोजरबाई. उंबरा नेहमी सारवलेला असतो तिचा.

गल्ली आज सुनी होती. जीन सुरू व्हायला अजून महिना होता. कपाशी बोंडात होती. जीन बंद असली की या गल्लीतल्या बाया दिवस उजाडायच्या आत खेड्यांत शेंगा तोडायला जात. त्या जाताना मडकी उंबऱ्यावर ठेवून जात, स्वयंसेवक येऊन ओतून घेत. दारं लोटलेली, एक कोंबडी, एक लंगडं कुत्रं. कापूस पिंजणाऱ्या वाहेदभाईच्या घरालाही कडी. एरवी रविवारी त्याच्या धनुकलीचा टणत्कार गल्लीभर ऐकू येई. कारभारी म्हणाला, "पिंपळगाव राजाले गेला असन. हिवाळ्याच्या आंदी गाद्या पिंजाच्या असतात लोकाइले. बायकोले बी घेऊन गेला." इंद्रभाननं हुंकार दिला. चौदा घरं झाली. पंधरावं झालं. त्यांच्या स्वतःच्याच पायांचा आवाज त्याला ऐकू येत होता, आणि कशाचाच येत नव्हता. आणि सोळाव्या घरी, ज्वारी झोळीत पडतानाच्या सळसळीत, ते त्याच्या ध्यानात आलं.

खोकला नव्हता.

गोजरबाईचा नवरा कडूबा. वीस वर्षं जीनमध्ये रुई ओढून ओढून छातीत कापूस भरलेला माणूस. दोन वर्षांपासून खाटेवर. दर रविवारी यांची पावलं वाजली की आतून आधी खोकला येई, लांबलचक, विहिरीतून पोहरा वर ओढल्यासारखा, आणि मग आवाज, "आले काय बे लेकरं? घे वो, दे त्याइले." नेमानं. इंद्रभानला तो आवाज आवडत नसे, खरं सांगायचं तर. त्या अंधाऱ्या खोलीत डोकवायला लागू नये म्हणून तो गोजरबाईकडची मूठ घाईनं घेई. पोटासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणाऱ्याला दुसऱ्याचं दुखणं पाहायची हिंमत नसते, हे त्यानं स्वतःशी कधी कबूल केलं नव्हतं. पण आज खोकला नव्हता, आणि 'आले काय बे' नव्हतं. ते दोघं तिथं थांबले होते, चांगले दोन श्वास थांबले होते, आणि आतून काहीच आलं नव्हतं.

"झोपला असन म्हातारा," कारभारी म्हणाला. त्यानं विचारलं नव्हतं, पण चेहऱ्यावर दिसलं असावं. "चाल ना बे, तुले काय भूत लागलं? या गल्लीतलीच सतरा घरं रायली अजून."

आणि तो गेला. मागं वळायला हवं होतं तेव्हा तो पुढे गेला, सतरा घरं. का गेला? हे त्याला नंतर कितीतरी वर्षं सांगता आलं नाही. नियम होता म्हणून. आपणच केलेला नियम पहिल्याच वेळी आपण कसा मोडायचा, म्हणून. परत जाऊन दार ठोठावायचं म्हणजे गोजरबाईला 'तुमच्या घरी खायला नाही का हो' असं विचारण्यासारखं होतं. मग त्या यज्ञवाल्यांत आणि आपल्यात फरक काय राहिला? चांगलं कारण होतं. आणि त्या चांगल्या कारणाच्या खाली एक साधं, भित्रं कारण होतं, की त्याला ते दार उघडायचं नव्हतं. घरोघरच्या मुठी झोळीत पडत गेल्या, झोळी जड होत गेली, आणि त्याला सारखं वाटत राहिलं की मडकं पालथं घालण्याबद्दल आपल्याला काहीतरी माहीत आहे. कुणी सांगितलेलं नाही. पाहिलेलं. जिभेच्या टोकावर नाव यावं आणि येऊ नये तसं.

ते आलं आश्रमाच्या हौदावर. अंगावर पाणी घेताना. कुणीतरी शेजारी भरलेली घागर कलंडली आणि फरशीवरून पाणी वाहत त्याच्या पायापाशी आलं. माय! माय घरातलं सगळं पाणी ओतून देत होती. तो नऊ वर्षांचा होता. बाप बाजेवरून खाली घेतलेला, कणकेच्या दिव्यापाशी. आणि रुखमाबाई रडत नव्हती, ती आधी रांजण रिकामा करत होती, मग माठ, मग उतरंडीतलं पिठाचं मडकं, आणि एकेक भिंतीशी पालथं घालत होती. घरभर पालथी मडकी. त्यानं विचारलं होतं, "माय, हे काऊन?" तर आत्या म्हणाली, "ज्या घरी मरन आलं त्या घरचं अन्नपानी चालत नाई, बाप्पा. एरवी अशी पालथी घालू नये, घरधन्याले मरनाची ओढ लागते." मग त्याच्या हातात दोरीचं शिंकं दिलं. त्यात मडकं, मडक्यात विस्तव. पुढे चालायचं, मागं पाहायचं नाही. मडक्याची धग पोटरीला लागत होती. नऊ वर्षांचं पोर ते, दोन्ही हातांनी दोरी धरून ओढ्यापर्यंत गेलं.

त्याला माहीत होतं! नियम करताना त्याला हे माहीत होतं, त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं, त्याच्या पोटरीनं भोगलेलं. चार वर्षं हायस्कुलात काढली, टोपी घातली, भाषणं लिहिली, आणि घरातली पालथी मडकी कुठे नेऊन पुरली यानं? कारभारीला ठाऊक होतं, त्याला फक्त सांगता येत नव्हतं. साठ घरांत एकही मडकं पालथं पडलं नाही ते कुणाकडे ज्वारी होती म्हणून नव्हे. घरात मरण बोलवायचं नाही म्हणून. हौदाच्या कडेला तो ओलाच उभा राहिला. किसनराव गुरुजी धोतराचा सोगा सावरत आले आणि म्हणाले, "इंद्रभान, पाहुणे तीन वाजता येऊन राह्यले. तो इस्त्रीचा सदरा घाल. भाषण पाठ हाय ना?" तो हो म्हणाला. इस्त्रीचा सदरा घातला, कागद खिशात ठेवला, टोपी चढवली, आणि आश्रमाच्या मागच्या दारानं निघाला. आधी चालत, मग बाजार ओलांडल्यावर धावत. माणसं वळून पाहत होती. ऊन डोक्यावरून कललेलं.

वाहेदभाईच्या दाराची कडी निघालेली होती. गोजरबाईच्या उंबऱ्याबाहेर हुस्नबानो उभी होती, वाहेदभाईची बायको, पदराचं टोक दातांत धरलेलं. प्रवासाची धूळ अजून पायांवर होती. इंद्रभानला पाहून तिनं पदर सोडला. मग म्हणाली, "आम्ही आत्ता येऊन राह्यलो. पाहातो त हे. सकायपासून बसली हाय बिचारी, एकटी. हे बांबू आनाले गेले."

"कधी?"

"कोंबडं आरवलं तव्हा, म्हनते."

सकाळी ते दोघं आले होते तेव्हा सात वाजले असतील. म्हणजे ती आत होती. भिंतीच्या पलीकडे, दोन हातांवर, नवऱ्याच्या मढ्याशेजारी. आणि इंद्रभाननं कारभारीचा दंड धरून ओठांवर बोट ठेवलं होतं.

"माह्याजवळ दोन मुठी मागे रोज," हुस्नबानो हळू बोलत होती, आतल्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून. "म्हातारा अंथरुनात, हिले शेतात जाता येईना त मजुरी कुठची? म्या म्हटलं, माय, भाकरच घेत जा, त नाई घेये. आमच्या हातचं कसं खाईन? ज्वारी दे म्हने. दोन मुठी. एक जात्यात आन एक तुमच्या मडक्यात."

"मडक्यात काऊन? मी सांगतलं होतं ना, नसन तर पालथं घाला म्हणून!"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्याला राग चालला असता. "अल्ला, भाऊ, तुमच्या लोकात कोनती बाई घालन पालथं? नवरा खाटेवर असतांनी? या गल्लीत तुम्ही सांगून गेले त्या दिवशी बाया घाबरल्या होत्या. रोज एकमेकीजवळून मूठ मूठ नेतात, पन मडकं भरतात. तुमाले नाई मालूम?"

गल्लीतल्या दारांकडे त्यानं पाहिलं. प्रत्येक उंबऱ्यावर एक मडकं, चुन्याचं स्वस्तिक, सकाळी त्यानंच रिकामं केलेलं. साठ माया आहेत या भाकरीत. गेल्या रविवारी त्यानं तीन भाकरी खाल्ल्या होत्या, वर एक कोर मागून घेतली होती.

तो वाकून आत गेला. अंधारात आधी काही दिसेना. मग खाट भिंतीला उभी लावलेली दिसली, आणि जमिनीवर कडूबा, अंगावर धुतलेलं धोतर. तोंड उघडं राहिलेलं, खोकायच्या आधी उघडावं तसं. पायापाशी गोजरबाई बसलेली. तिनं मान वर केली.

"आला काय रे बाप्पा?" ती म्हणाली. जणू तिनं त्याला बोलावूनच पाठवलं होतं.

"मावशी, आम्ही सकाळी आलो होतो."

"हाव. वयखली ना म्या पावलं. याइचा बी जीव तुमच्या पावलाइत राहे रविवारी."

"मग आवाज काऊन नाही दिला?" त्याचा आवाज चिरकला. त्याला तिच्यावर ओरडावंसं वाटत होतं, कुणावर तरी ओरडावंसं. "एक हाक मारली असती तर! आम्ही इथं दारात होतो, मावशी!"

"थांबले होते ना तुम्ही. म्या म्हटलं पाहून राह्यले, आता येतीन आत. मंग गेले." तिनं कडूबाच्या पायावरचं धोतर सारखं केलं. "म्हटलं, सभा असन आज लेकराइची. घाई असन. आन माह्यानं उठवे ना. मान्साले एकटं टाकून दारात कशी येऊ?"

"तुम्ही मडकं पालथं घातलं. मला वाटलं, द्यायला काही नाही."

"द्याले हाय ना," गोजरबाई म्हणाली, थोडी दुखावल्यासारखी. "सहा दिवसाच्या सहा मुठी हायेत त्याच्याखाली. पाह्य ना."

तो उंबऱ्याशी परत आला आणि उकिडवा बसला. मडकं दोन्ही हातांनी उचललं. पळसाच्या पानावर ज्वारीचा लहानसा ढीग होता, मडक्याच्या तोंडाएवढा गोल, नीट दाबलेला. तांबूस दाणे आणि पांढरे दाणे. मुंगी नाही, खडा नाही. निवडलेली होती.

"हात नको लावू त्याले!" आतून ती घाईनं म्हणाली. "सुतकाचं झालं ते आता. कोंबडं आरवलं आन हे गेले, आन मले आधी तेच आठवलं, आज रविवार. लेकरं येतीन आन ओतून नेतीन. मेल्या घरचं लेकराइच्या पोटात जाईन. म्हनून उठली आन झाकून देल्लं. तेवढंच उठली."

बाहेर हुस्नबानोनं पदर तोंडावर दाबला. इंद्रभान त्या ढिगाकडे पाहत बसला. रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आलं नाही. माणूस मेल्यावर पहिली जी गोष्ट या बाईला आठवली ती आपलं पोट होतं, आणि आपण तिच्या दारात उभे राहून टाळ्यांचं वाक्य जुळवत होतो. त्याला आपल्या इस्त्रीच्या सदऱ्याची लाज वाटली. सकाळपासून जिची लाज राखल्याचं तो मिरवत होता, तिला लाज वाटावी असं काहीच नव्हतं, हे आता कुणाला जाऊन सांगायचं?

वाहेदभाई दोन बांबू आणि सुतळी घेऊन आला. शेंगांवरून लवकर परतलेली दोन माणसं त्याच्या मागून आली. तिरडी बांधायला वेळ लागला नाही, कडूबाचं वजन ते किती. मग सगळे थांबले आणि इकडेतिकडे पाहू लागले, कारण पुढचा प्रश्न कुणी विचारायचा ते ठरत नव्हतं. शेवटी गोजरबाईच बोलली. "मडकं धराले आमच्या मांगं कोनी नाई."

"मी धरतो," इंद्रभान म्हणाला.

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहिल्यासारखं. "बाप हाय काय तुले?"

"नाही. मी नऊ वर्षांचा होतो."

"मंग धर," ती म्हणाली. "नवं आनाले कोन जाईन आता बाजारात? हेच घे."

वाहेदभाईनं सुतळीचं शिंकं केलं. हुस्नबानोनं आपल्या चुलीतला विस्तव खापरावर आणला आणि दाराशी ठेवला, तिथून तो गल्लीतल्या एका म्हाताऱ्यानं मडक्यात घातला. चुन्याचं स्वस्तिक बाहेरच्या बाजूला आलं. पळसाचं पान कुणीतरी ज्वारीसकट उचलून परसात कौलावर ठेवलं, पाखरांसाठी. इंद्रभाननं टोपी काढली, सदरा काढला, तिथेच खुंटीला टांगला. खिशात कागद होता तो राहिला.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी कारभारी दिसला, धापा टाकत. "अबे, कुठी हायेस तू? पाहुणे आले, सभा सुरू झाली, गुरुजी नुसते तडफडून राह्यले! तुह्यं नाव पुकारलं दोनदा..." मग त्याला तिरडी दिसली. तो इंद्रभानच्या उघड्या अंगाकडे आणि हातातल्या मडक्याकडे पाहत राहिला. त्याला सगळं कळलं. असल्या गोष्टी कारभारीला लवकर कळत.

"गुरुजीले काय सांगू?" त्यानं विचारलं.

"सांग, एक मडकं पालथं होतं," इंद्रभान म्हणाला. त्याची वऱ्हाडी, सभेसाठी चार वर्षं घासून पुसून ठेवलेली, एकदम तोंडात आली. "आन आपुन त्याच्यापुढून मुकाट्यानं निंघून गेलो. भर सभेत सांगजो. माह्या नावानं."

कारभारी जागचा हलला नाही. तिरडीला तीन खांदे लागले होते, वाहेदभाईचा धरून. चौथा बांबू जमिनीला टेकलेला होता. त्यानं टोपी काढून कंबरेत खोचली आणि त्याच्याखाली खांदा दिला.

मडक्याची धग इंद्रभानच्या पोटरीला लागली, त्याच जागी. गोजरबाई दारात आली होती. तो निघाला, आणि मागं पाहायचं नाही हे आठवूनही त्यानं एकदा मागं पाहिलं.